उपाशी शेतकरी आणि अतिभोजी राजा

वजन उतरविण्यासाठी दहा-दहा, वीस-वीस दिवस अन्न वर्ज्य करण्याचा कल अलीकडे सुशिक्षित समाजात वाढत आहे. या उपवासाला कोणी तपश्चर्या म्हटले, की उरुवेलेच्या सिद्धार्थ गौतमाचा दाखला देण्याचा मोह होतो. हा दाखला इतिहासाच्या कसोटीस उतरतो काय, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत. त्यासाठी सातारा आणि सांगली हा प्रदेश आम्ही डोळ्यांसमोर ठेवला आहे. जुन्या साताऱ्याचे दक्षिणेकडील तालुके आणि सांगली, जत आदी संस्थानांचा मुलूख मिळून १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. धम्माची प्राचीन स्मृती आणि दुष्काळाची भूक या दोन्ही गोष्टी या मातीत शेजारी शेजारी आहेत.

उरुवेलेचा अनुभव

मज्झिम निकायातील महासच्चक सुत्तात तथागतांनी आपल्या देहदंडाची हकीकत स्वतः सांगितली आहे. मूग, हुलगे, वाटाणा अशा कडधान्यांचे ओंजळभर कढण एवढाच त्यांचा आहार उरला होता. माणदेशातील कष्टकरी ज्या हुलग्याचे माडगे पिऊन दुष्काळाचे दिवस काढत आला, तेच हे धान्य. त्या आहाराने पोटाची कातडी पाठीच्या कण्याला लागली, अंगावर हात फिरविताच केस गळून पडू लागले. लाहोरच्या संग्रहालयातील गांधार शैलीची उपोषित मूर्ती याच अवस्थेची आहे.

परंतु हकीकत येथे संपत नाही. एवढे करूनही ज्ञान लाभले नाही, हे उमगताच त्यांनी अन्न ग्रहण केले. सोबतचे पाच परिव्राजक रुसून निघून गेले, तरी त्यांनी निर्णय बदलला नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनीही देहदंडाचा हा मार्ग कसून पारखून पाहिला गेला आणि मग सोडला गेला, असेच दाखविले आहे. म्हणजे उरुवेलेचा दाखला द्यावयाचा, तर तो उपवास सोडण्याचा द्यावा लागेल.

प्रसेनजिताचा आहार

वजन उतरविण्याविषयी बौद्ध वाङ्मयात सरळ उल्लेख आहे आणि तो उपवासाचा नाही. संयुत्त निकायाच्या कोसल संयुत्तात दोणपाक सुत्त येते. कोसलनरेश प्रसेनजित द्रोणभर तांदळाचा भात खाऊन धापा टाकीत तथागतांपाशी आला. तथागतांनी त्यास उपाशी राहण्यास सांगितले नाही. सजग राहून अन्नाची मात्रा जाणणाऱ्याचे क्लेश हलके होतात आणि वार्धक्य सावकाश येते, एवढ्याच आशयाची गाथा ते बोलले. सुदर्शन नावाच्या तरुणाने ती पाठ करून राजाच्या भोजनसमयी म्हणावयाची, असे ठरले. अट्ठकथेत याची रीतही दिली आहे. राजा शेवटचा घास घेऊ लागला, की गाथा म्हणावी. राजाने तो घास सोडावा. पुढील वेळी त्या घासाइतके तांदूळ कमी शिजवावेत. अशा रीतीने राजा हळूहळू नाळीभर भातावर आला आणि त्याचा देह सडपातळ झाला.

भिक्खुसंघाचा विकालभोजनाचा नियमही याच जातीचा आहे. मध्यान्हानंतर घन आहार नाही; मात्र सकाळी पुरेसे अन्न आहे आणि आजाऱ्यासाठी तूप, लोणी, तेल, मध व काकवी यांची मुभा आहे. रात्रीचे भोजन सोडल्याने शरीर हलके व निरोगी राहते, हे कीटागिरी सुत्तात तथागतांनी स्वानुभवाने सांगितले आहे.

या राजाचे शिल्प मध्य प्रदेशातील भरहुतच्या स्तूपावर होते आणि त्यावर त्याचे नाव कोरलेले आहे. त्याच स्तूपाच्या दानलेखांत 'करहकट' या नगराचे नाव येते. हे करहकट म्हणजे आपले कराड, असे अभ्यासकांनी ठरविले आहे. कराडजवळील आगाशिवच्या डोंगरात साठाहून अधिक लेणी आहेत. तेथील भिक्खूंचा निर्वाह गावोगावच्या भिक्षेवर होत असणार. पात्रात पडेल तेवढेच आणि मध्यान्हापूर्वी, ही आहाराची शिस्त या प्रदेशाने अशी जवळून पाहिली आहे.

लादलेली भूक

मात्र याच भूमीने दुसरी भूकही पाहिली. १८७६-७८ च्या दुष्काळाने माण, खटाव, जत, आटपाडी हा पट्टा होरपळला. १९०१ च्या सुमारास बाबासाहेबांचे वडील खटाव तालुक्यात तलावाच्या कामावर रोखपाल होते. भुकेने मरणाऱ्या लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तो तलाव काढला होता. वडिलांना भेटण्यासाठी बाल भीमराव, त्यांचे बंधू आणि भाचे मसूर स्टेशनवर उतरून बैलगाडीने निघाले. शिदोरी भरपूर होती, परंतु अस्पृश्य म्हणून पाणी मिळाले नाही. भरल्या शिदोरीशेजारी ती मुले उपाशी झोपली. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. हा उपवास कोणी निवडला नव्हता, तो जातीने लादला होता.

धम्माने अशा भुकेचे कधीही उदात्तीकरण केले नाही. धम्मपदाच्या सुखवग्गात भूक हा सर्वांत मोठा रोग म्हटला आहे. अट्ठकथा सांगते की, आळवी येथे हरवलेला बैल शोधून थकलेला एक गरीब शेतकरी उपदेशास आला, तेव्हा तथागतांनी आधी त्यास जेवू घातले आणि मग धम्म सांगितला. आरोग्य हा सर्वांत मोठा लाभ म्हणणारी गाथा लगेच पुढे येते आणि अट्ठकथा तिचा संबंध अतिभोजी प्रसेनजिताशी जोडते. उपाशी शेतकरी आणि अतिभोजी राजा यांना शेजारी बसविणारी ही रचना आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. एकाला अन्न द्यावयाचे, दुसऱ्याला मात्रा शिकवावयाची. उपासमार दोघांनाही सांगावयाची नाही.

आधुनिक काळातही पहिला उपाय याच जिल्ह्यांतून निघाला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर उपयोगी पडला आणि १९७७ साली त्याचा कायदा झाला.

आजचा प्रश्न

स्कॉटलंडमध्ये डंडी येथे अँगस बार्बिएरी या तरुणाने १९६५-६६ मध्ये ३८२ दिवस अन्न वर्ज्य केले आणि त्याचे वजन सुमारे २०७ किलोवरून ८२ किलोवर आले. हे उदाहरण वारंवार सांगितले जाते. परंतु तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली होता व त्यास जीवनसत्त्वे आणि क्षार दिले जात होते, हे सांगितले जात नाही. त्याच दशकात अशा उपचारांत काही रुग्ण दगावले. दीर्घ उपवासात चरबीबरोबर स्नायूही झिजतात. त्यानंतर एकाएकी भरपेट जेवल्यास रक्तातील फॉस्फेट घसरून हृदय बंद पडू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांत हे दिसून आले होते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यास तर उपवासाचा पहिला दिवसही धोक्याचा ठरू शकतो.

ज्यांच्या आजा-पणज्यांनी दुष्काळ आणि बहिष्कार यांची भूक सोसली, त्यांच्या नातवंडांच्या घरी आज अन्न आहे. ही परिवर्तनाची मिळकत आहे. तिचा अतिरेक करू नये आणि तिच्याकडे पाठही फिरवू नये. आपल्या उपासक-उपासिकांनी वजन उतरवावयाचेच असेल, तर वैद्याचा सल्ला घ्यावा आणि प्रसेनजिताप्रमाणे शेवटचा घास सोडण्यापासून आरंभ करावा. मध्यम मार्ग ताटातही पाळावयाचा असतो.