स्टोव्हचा भडका : एका नोंदीचा इतिहास

१/ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर तीन-चार ओळींची एक बातमी वारंवार भेटते : स्टोव्हचा भडका उडाला आणि विवाहिता भाजून मरण पावली. या वाक्यात कर्ता स्टोव्ह आहे. घरातले दुसरे कोणी त्यात नसते.

२/ दाबावर चालणारा हा स्टोव्ह स्वीडनमधील फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने १८९२च्या सुमारास घडवला. पितळी टाकी, हवा भरण्याचा पंप, तोंड चोंदले की पिन. तो धोक्याचा होताच. खेड्यात त्याच्या जोडीला उघडी चूल, रॉकेलची चिमणी, जमिनीवर बसून स्वयंपाक आणि सुती लुगड्याच्या जागी आलेले, वितळून अंगाला चिकटणारे नायलॉनचे पातळ. अपघात खरेच होत. पण त्याच स्टोव्हवर सासूही चहा करी. भडक्यात मात्र बहुधा सूनच सापडे.

३/ गंभीर भाजलेली व्यक्ती पुष्कळदा काही तास, कधी काही दिवस शुद्धीवर असते. मृत्यू मागाहून, बरेचदा जंतुसंसर्गाने येतो. म्हणून तिचा जबाब निर्णायक ठरतो. १८७२च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ३२ने येथे इंग्लंडच्या कायद्यापासून फारकत घेतली. तेथे आपण मरणारच, अशी बोलणाऱ्याची खात्री असावी लागे. येथे ती अट नव्हती. गावापासून दवाखाना दूर, खाटेशेजारी सासरची माणसे, दंडाधिकारी यायचे तालुक्याहून. हाताची बोटे जळालेली असली तर पायाच्या अंगठ्याचा ठसा घेत. अशा कित्येक जबाबांवर पुढे खटले उभे राहिले.

४/ हुंडाबळींविरुद्ध स्त्रियांच्या चळवळीने आवाज उठवल्यावर १९८३ साली ४९८-अ हे कलम आले. विवाहानंतर सात वर्षांच्या आत झालेल्या स्त्रीच्या संशयास्पद मृत्यूची नुसती ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद करून मोकळे होणेही त्या वर्षीच्या दुरुस्तीने कठीण केले. १९८६ साली ३०४-ब आले. पुढे २००२ साली, ‘लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ठरवले की जबाब घेणाऱ्याची ती शुद्धीवर असल्याची खात्री पटली असेल, तर केवळ डॉक्टरचा दाखला नाही म्हणून जबाब फेटाळता येणार नाही. जेथे डॉक्टरच वेळेवर मिळत नाही, तेथे हा निर्णय किती मोलाचा, हे वेगळे सांगायला नको.

५/ आता आकडे. २००९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने २००१ या एका वर्षात भारतात आगीने सुमारे १,६३,००० मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला. त्यांतील सुमारे १,०६,००० स्त्रिया, बहुसंख्य १५ ते ३४ वयाच्या. पोलिसांच्या नोंदींपेक्षा हा आकडा सुमारे सहापट होता.

६/ शहरांपुरती या अभ्यासाची मदार मृत्यूच्या नोंदींवर होती. खेड्यांसाठी सर्वेक्षणाचा आधार घ्यावा लागला. अशा सर्वेक्षणात कर्मचारी दारी जातो आणि मृत्यू कशाने झाला, हे घरच्या माणसांनाच विचारतो.