बाळंभटदादा देवधर व मल्लविद्येची गुरुपरंपरा

राजांचीं आज्ञापत्रें, सरदारांचे जमाखर्च व शास्त्र्यांचे ग्रंथ यांवरून इतिहास रचण्याची आपणांस संवय आहे. परंतु ज्याची विद्या पोथींत न उतरतां शिष्याच्या अंगांत उतरली, अशा वस्तादाचें चरित्र कोणत्या साधनांवरून लिहावें? बाळंभटदादा देवधर यांच्या बाबतींत हा प्रश्न विशेष तीव्रतेनें उभा राहतो. त्यांचा काळ इ. स. १७८० ते १८५२ असा धरतात. मल्लखांबाचे आद्य गुरु म्हणून त्यांची ख्याति महाराष्ट्रभर आहे, आणि त्या ख्यातीचें मूळ खानदेशकरांच्या नित्य परिचयाच्या ठिकाणीं, म्हणजे वणीच्या सप्तशृंग गडावर, सांगितलें जातें. धुळें-जळगांवकडील भाविक चैत्री पौर्णिमेस ज्या गडाची वाट पायीं चालतात, तोच हा गड.

परंपरागत कथा अशी. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारीं निजामाच्या मुलुखांतून अली व गुलाब हे दोन पहिलवान आले आणि त्यांनीं तेथील मल्लांस आव्हान दिलें. कोणी पुढें होईना. तेव्हां तरुण बाळंभट उठले व मुदत मागून वणीस गेले. तेथें देवीचें अनुष्ठान चाललें असतां मारुतीनें स्वप्नांत वानररूपानें लांकडी खांबावर नाना पेच करून दाखविले. त्याबरहुकूम मेहनत करून दादा पुण्यास परतले. अलीस त्यांनीं चीत केलें व गुलाबानें सामना न करतांच माघार घेतली.

या कथेंतील स्वप्न हा श्रद्धेचा विषय असून त्यावर वाद घालण्याचें संशोधकास कारण नाहीं. मात्र त्यावरून मल्लखांब ही सर्वस्वीं नवी कल्पना होती असें जें अनुमान काढण्यांत येतें, तें टिकत नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द इ. स. ११२६ ते ११३८) याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत मल्लविनोदाचें स्वतंत्र प्रकरण असून त्यांत मल्लांच्या स्तंभावरील श्रमाचा उल्लेख आहे. ज्येष्ठीमल्ल, म्हणजे आपल्याकडे ज्यांस जेठी म्हणत, त्यांच्या ‘मल्लपुराणां’तहि स्तंभश्रम हा व्यायामप्रकार आला आहे. हें पुराण बडोद्याच्या प्राच्यविद्यामंदिरानें १९६४ सालीं प्रसिद्ध केलें. सारांश, खांबाची मेहनत दादांच्या पूर्वीं निदान साडेसहाशें वर्षें या देशीं ज्ञात होती.

मग दादांचें कर्तृत्व तें काय उरलें? आमच्या मतें तें कमी न होतां अधिकच स्पष्ट होतें. शोध लावणारा एक आणि विद्या जगविणारा दुसरा, असें इतिहासांत वारंवार घडतें. दादा या दुसऱ्या कोटींतील होत. सागवानी अथवा शिसवी खांब, त्याचे अंग, मान व बोंड असे तीन भाग, आणि वरून एरंडेलाचा हात, हें साधन दिसण्यांत साधें. परंतु त्यांत मोठें मर्म आहे. खांब हा न थकणारा जोडीदार होय. घामानें निसरड्या झालेल्या प्रतिमल्लास जशी मगरमिठी घालावी लागते, तशीच ती येथें घालावी लागते. अढी, तेढी, बगली, दसरंग या क्रमानें चढणाऱ्या शिष्याची पकड, कंबर व दम हीं तिन्हीं एकाच वेळीं तयार होतात. पट्ठा एकटा असला तरी त्याची मेहनत अडत नाहीं. कुस्तीचा पूरक असा हा श्रम पद्धतशीर शिक्षणाच्या रूपानें शिष्यांच्या हातीं देणें, हेंच दादांचें खरें कार्य.

या कार्याची कसोटी लवकरच लागली. मल्लविद्येस आश्रय राजदरबाराचा. आणि तो दरबारच इ. स. १८१८ मध्यें नाहींसा झाला. त्याचा शेवटचा अंक खानदेशाच्या वेशींत घडला. फेब्रुवारींत थाळनेरचा किल्ला इंग्रजांनीं घेतला, आणि ३ जून रोजीं बाजीराव अशीरगडानजीक सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. सालिना आठ लक्षांची नेमणूक घेऊन तो ब्रह्मावर्तीं राहिला. दादाहि धन्यामागून तिकडे गेले. नानासाहेब व झांशीची राणी लक्ष्मीबाई यांस त्यांच्याच तालमींत शिक्षण मिळालें अशी परंपरा आहे. ती परंपरा म्हणूनच नमूद करावी.

तथापि विद्या वाचली ती पेन्शनदार दरबारामुळें नव्हे, शिष्यांमुळें वाचली. कोंडभटनाना गोडबोले, दामोदरगुरु मोघे, नारायणगुरु देवधर इत्यादिकांचीं नांवें या मालिकेंत येतात. काशीस आखाडा उभा राहिला आणि तेथून ही विद्या पुनः दक्षिणेकडे वळली. दरबारचा खुराक बंद झाला, तरी सार्वजनिक तालमीचा दरवाजा उघडला. इ. स. १९३६ मध्यें अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें बर्लिन येथें देशी व्यायामाचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं. याच सुमारास दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनीं बडोद्याहून ‘व्यायामज्ञानकोश’ खंडशः प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि तोंडीं चालत आलेलें पुष्कळसें ज्ञान प्रथमच छापलें गेलें. इ. स. २०१९ मध्यें मुंबईस मल्लखांबाची जागतिक स्पर्धा भरली. ज्या गुरूचा धनी राज्यास मुकला, त्याची विद्या परदेशांतील मुलांच्या अंगीं उतरली, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. राजवाडे यांनीं घरोघरच्या माळ्यांवरून दप्तरें गोळा केलीं आणि १९२६ सालीं धुळ्यासच देह ठेविला. त्यांच्या स्मरणार्थ पुढील वर्षीं तेथें संशोधन मंडळ स्थापन झालें. त्यांचा धडा असा कीं, कोणताहि कागद क्षुल्लक नसतो. देशमुख-देशपांड्यांच्या जमाखर्चांत जत्रेच्या दंगलीचें बक्षीस, जेठ्यास दिलेला शेला, तालमीच्या खांबास लागलेलें तेल, अशी एखादी ओळ आढळल्यास ती ‘किरकोळ खर्च’ म्हणून बाजूस सारूं नये. वस्तादाचें चरित्र लिहावयाचें तें अशाच ओळींवरून लिहावें लागेल. खांबावर चढणारा प्रत्येक मुलगा प्रथम खांबास वंदन करतो. त्या वंदनामागील नांवें शोधून काढणें हें आपलें काम आहे.