अपघाताची भरपाई : दोष कुणाचा, तोटा किती?

पुणे-बंगळूर रस्ता सातारा जिल्ह्यातून उभा जातो. खंबाटकीचा घाट ओलांडला की भुईंज, सातारा, कराड करीत तो पुढे सांगली जिल्ह्यात शिरतो. या रस्त्याने बाजारपेठ जवळ आणली, शिकणारी मुले शहरापर्यंत नेली. आणि याच रस्त्याने कित्येक घरांतला कर्ता माणूस हिरावून नेला, कित्येकांना जन्माचे अधू केले. अपघात झाला की दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, चूक कुणाची? दुसरा, त्या घराचा तोटा किती? श्रोतेहो, भरपाईच्या कायद्याचा इतिहास म्हणजे पहिल्या प्रश्नाकडून दुसऱ्या प्रश्नाकडे हळूहळू झालेला प्रवास होय.

या प्रवासाची सुरुवात मोटारीच्याही आधीची आहे. इंग्रजांच्या जुन्या कायद्यात एक विलक्षण गोष्ट होती. जखमी माणसाला भरपाईचा दावा लावता येई. पण तो मेला तर त्याच्या बायकामुलांना काहीच मागता येत नसे. इंग्लंडात १८४६ साली ही त्रुटी दूर झाली आणि आपल्याकडे १८५५ साली तसाच प्राणांतिक अपघातांचा कायदा आला. नवरा, बायको, आईबाप आणि मुले यांच्यासाठी भरपाई मागण्याची वाट त्याने मोकळी केली.

वाट मोकळी झाली खरी, पण ती चालायची कशी? दिवाणी दावा लावायचा, मागितलेल्या रकमेच्या मानाने कोर्ट फी भरायची, ड्रायव्हरची हयगय साक्षीपुराव्याने शाबीत करायची. एवढे करून हुकूमनामा मिळाला, तरी गाडीमालकाच्या हाती पैसा नसला तर तो कागद घरात ठेवून काय उपयोग? १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने यावर उपाय योजला. रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला इजा झाली तर त्याची भरपाई व्हावी, म्हणून गाडीचा विमा सक्तीचा ठरला आणि १ जुलै १९४६ पासून तो अमलात आला. पुढे १९५६ च्या दुरुस्तीने या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे नेमण्याची सोय झाली. साधा अर्ज, थोडी फी आणि सुटसुटीत चौकशी हा त्यामागचा हेतू. हयगय शाबीत करण्याचे ओझे मात्र अर्जदाराच्याच डोक्यावर राहिले.

ते ओझे १ ऑक्टोबर १९८२ पासून काहीसे हलके झाले. मृत्यू झाला तर पंधरा हजार आणि कायमचे अपंगत्व आले तर साडेसात हजार रुपये, दोष कुणाचा हे न विचारता द्यावेत, असे कलम कायद्यात आले. या कलमाची खरी कसोटी लागली ती आपल्याच सातारा जिल्ह्यात.

२९ ऑक्टोबर १९८७ रोजी पहाटे तीनच्या सुमारास कवठे गावाजवळ पेट्रोलचा टँकर आणि मालट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्ता सोडून सुमारे वीस फुटांवर कुशीवर पडला. आतले पेट्रोल गळून आसपास साचत राहिले. जवळजवळ चार तासांनी स्फोट होऊन आग भडकली. तोवर तिथे पुष्कळ माणसे जमली होती. त्यांतले अनेक जण भाजले आणि काही दगावले.

मरण पावलेल्या एकाच्या आईने साताऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज केला. न्यायाधिकरणाने बिनदोष भरपाई नाकारली. टक्कर झाली पहाटे, आग लागली दिवस उजाडल्यावर. तेव्हा ही आग वाहनाच्या वापरातून झालेला अपघात नव्हे, असा त्याचा विचार. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० साली हा निर्णय फिरविला आणि पंधरा हजार रुपये देण्यास सांगितले. टँकरच्या बाजूने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेण्यात आले. १७ जुलै १९९१ रोजी तिथेही त्या आईचाच हक्क मान्य झाला.

न्यायालयाने काय सांगितले? वाहनाचा वापर म्हणजे केवळ चाके फिरणे नव्हे. बिघाडाने वा अपघाताने गाडी जागेवर पडून असली, तरी तो वापरच. टँकर उलटला म्हणून पेट्रोल सांडले आणि सांडले म्हणून आग लागली. मधल्या चार तासांनी हा धागा तुटत नाही. रक्कम पंधरा हजारांची, आणि ती मिळण्याचा हक्क ठरायला जवळपास चार वर्षे लागली. पण कवठ्याच्या त्या आईमुळे देशभरच्या अर्जदारांना एक आधार मिळाला.

आता दुसरा प्रश्न. तोटा मोजायचा कसा? अनेक वर्षे एका न्यायालयाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नसे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली वयाप्रमाणे गुणकांचा तक्ता घालून दिला. ३१ ते ३५ वयाला १६, ४६ ते ५० ला १३, पासष्टीपुढे ५. वर्षाच्या बुडालेल्या कमाईला या गुणकाने गुणायचे. पैसा एकरकमी हाती येतो आणि आयुष्याचा भरवसा नसतो, म्हणून उरलेली सगळी वर्षे धरत नाहीत.

इजेच्या बाबतीत २०१० साली आणखी एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट झाली. डॉक्टरांच्या दाखल्यातले शेकडा अपंगत्व आणि कमाईची गेलेली ताकद या दोन गोष्टी एक नव्हेत. समजा, एक ऊसतोड मजूर आहे आणि एक शाळेतला कारकून. दोघांचे वय चौतीस, दोघांची कमाई महिना बारा हजार, दोघांचा एकच पाय सारखाच अधू झाला. मजुराला आता मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढता येत नाही. त्याची पाऊण कमाई बुडाली असे धरले, तर वर्षाचे १,०८,००० गुणिले १६, म्हणजे १७,२८,००० रुपये. कारकुनाचा पंचमांश तोटा धरला, तर ४,६०,८०० रुपये. इजा तीच, तोटा वेगळा! शिवाय दवाखाना, औषधे, सोबतीचा माणूस, गाडीभाडे, बुडालेला रोज, पुढचे उपचार आणि सोसलेल्या वेदना यांचा हिशेब निराळा होतो.

आणि घर सांभाळणाऱ्या बाईचे काय? तिला पगार नाही, म्हणून तिचे मोल शून्य का? जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीच्या प्रकरणात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचे मोल महिना तीन हजार रुपये धरले. मोटार अपघातांच्या दाव्यांतही पुढे त्याचा आधार घेतला गेला.

पहिला प्रश्न अजून पुरता संपलेला नाही. पूर्ण भरपाई हवी तर हयगय दाखवावीच लागते आणि जखमीची स्वतःचीही चूक असली तर त्या मानाने रक्कम कमी होते. दोष न पाहता ठरावीक रक्कम घ्यायची असेल, तर १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाखांची तरतूद आहे. त्याच दिवसापासून दाव्याला सहा महिन्यांची मुदतही घातली गेली. म्हणून दिरंगाई करू नये. अर्ज अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो असेही नाही. आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणाकडे तो देता येतो. लोकअदालतीत तडजोडही होते. मात्र तिथे ठरलेल्या रकमेवर अपील नाही, हे ध्यानात ठेवून मगच सही करावी.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, गावात अशी वेळ आली तर लोक प्रथम आपल्याकडे कागद वाचून घ्यायला येतात. फिर्यादीची नक्कल, पंचनामा, दवाखान्याच्या पावत्या, अपंगत्वाचा दाखला आणि कमाईचा पुरावा, मग तो कारखान्याची टोळी नोंदणी असो, दूध संस्थेचे पुस्तक असो की मुकादमाची वही, हे सारे जपून ठेवायला सांगा. कायद्याने तोटा मोजायचे कबूल केले आहे. पण जे कागदावर नाही ते त्याला मोजता येत नाही.