दात मागे ओढणाऱ्या स्क्रूची कुळकथा

पुढे आलेले दात तारेने मागे घ्यायचे, तर ज्याला धरून ओढायचे तो आधार जागचा हलता कामा नये. दोन्ही बाजूंची एकेक उपदाढ काढली की प्रत्येक बाजूला सुमारे ७ मिलिमीटर जागा मिळते. पुढचे सहा दात दाढांना बांधून ओढले, की न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे दाढाही पुढे सरकतात आणि बरीच जागा त्याच खातात. यावर एकोणिसाव्या शतकापासून तोंडाबाहेरचा उपाय होता: डोक्याला किंवा मानेला पट्टा बांधून दाढा धरून ठेवायच्या. पट्टा रोज तासन्‌तास घातला तरच उपयोग, आणि मुले तो काढून ठेवत.

हाडातच खुंटी ठोकण्याचा प्रयोग १९४५ साली अमेरिकेत गेन्सफोर्थ आणि हिग्ली यांनी कुत्र्यांवर केला. त्यांचे व्हिटॅलियमचे स्क्रू महिनाभरात सैल झाले. स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी टायटॅनियम हाडाशी एकजीव होते हे दाखवले आणि १९६५ साली ते माणसाच्या जबड्यात बसवले. पण ते रोपण जाड, पडलेल्या दातांच्या जागेसाठीचे, आणि हाडात मुरायला महिने घेणारे. १९८३ साली क्रीकमोर आणि एक्लंड यांनी नाकाखालच्या हाडात एक स्क्रू बसवून वरचे पुढचे दात वर्षभरात सुमारे ६ मिलिमीटर वर उचलले. रुग्ण एकच, तरी पुढची वाट या कामानेच दाखवली. दातांच्या मुळांमध्ये मावेल इतका बारीक स्क्रू १९९७ साली जपानच्या कानोमी यांनी वापरला: १.२ मिलिमीटर जाड, ६ मिलिमीटर लांब. पुढे आलेल्या दातांसाठी त्याची पद्धत २००१च्या सुमारास दक्षिण कोरियाच्या पार्क ह्यो-सांग यांनी बसवली.

आज हा स्क्रू बहुधा दुसरी उपदाढ आणि पहिली दाढ यांच्या मुळांमध्ये जातो. हिरडीत थोडी भूल देऊन हातानेच तो फिरवतात. रुग्णाला फक्त दाब जाणवतो. आट्यांची पकड पुरते, म्हणून निकल-टायटॅनियमची स्प्रिंग लगेच अडकवता येते. एका बाजूला १५० ते २०० ग्रॅमची ओढ पुरेशी. काही स्क्रू सैल होतात, विशेषतः भोवतालची हिरडी सुजली तर. म्हणून तिथे ब्रश नीट फिरवणे अत्यंत गरजेचे.

यवतमाळच्या रुग्णांना अशा उपचारासाठी सावंगी (मेघे) किंवा नागपूरच्या दंत महाविद्यालयांत जाता येते. जिल्ह्याची एक अडचण वेगळी आहे. पांढरकवडा भागात कित्येक बोअरच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त आहे. त्या पाण्यावर वाढलेल्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात आणि तशा एनॅमलवर तार धरणारे ब्रॅकेट नीट चिकटत नाही. चिकटवण्याआधी दातावर लावायचे आम्ल जास्त वेळ ठेवूनही ते सुटू शकते. पुढच्या दातांवर ब्रॅकेट लागतेच, पण स्क्रूमुळे ओढीचा भार दाढेवर चिकटवलेल्या नळीवर येत नाही, ही इथे मोठी सोय ठरते.

जागा मिटली की स्क्रू उलटा फिरवून काढतात. टाका लागत नाही, हिरडी काही दिवसांत भरून येते. दात नव्या जागी टिकावेत म्हणून त्यानंतरही रिटेनर वापरावा लागतो.