टाचेतील खिळा

रोमचा इतिहास म्हटला की सीझर, सेनापती आणि संगमरवरी खांब डोळ्यांपुढे येतात. आज आम्ही आपल्याला टाचेच्या एका हाडाची हकीकत सांगणार आहोत.

इंग्लंडात केंब्रिजजवळ फेनस्टॅन्टन नावाचे गाव आहे. तेथे नवी घरे बांधण्यापूर्वी २०१७ साली जमीन उकरून पाहिली, तेव्हा रोमन अमदानीतील सडकेकाठची एक वस्ती आणि पाच लहान दफनभूमी उजेडात आल्या. वस्तीत गुरांची फोडलेली हाडे पुष्कळ निघाली. हाडांतील चरबी काढून साबण, मेणबत्त्या करण्याचा धंदा तेथे चालत असावा, असे उत्खनकांचे अनुमान आहे. पुरलेल्या माणसांचे दात किडलेले होते, कित्येकांना दुखापती झालेल्या होत्या.

त्यांत पंचवीस ते पस्तीस वर्षांचा एक पुरुष होता. प्रयोगशाळेत हाडे धुताना त्याच्या उजव्या टाचेतून आरपार गेलेला लोखंडी खिळा दिसला. त्याला क्रुसावर चढवले होते, असा निर्वाळा अस्थितज्ज्ञ कोरिन डुहिग यांनी दिला. २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. नडग्यांवर सुजेच्या खुणा आहेत. पायांत बेड्या असाव्यात.

ही शिक्षा रोमन राज्यात काही विरळा नव्हती. इ. स. पूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर कापुआ ते रोम या रस्त्यावर सहा हजार गुलाम क्रुसावर टांगले गेले. त्या सहा हजारांपैकी एकाचेही हाड आम्हांस ठाऊक नाही. कित्येकांना दोरांनी बांधीत, प्रेते पुष्कळदा तशीच टाकून देत, आणि लोखंड मोलाचे म्हणून खिळे उपटून घेत. खिळ्यासह टाच सापडल्याचे याआधीचे ठळक उदाहरण १९६८ सालचे, जेरुसलेमचे.

मग हा फेनस्टॅन्टनचा माणूस गुलाम होता काय? नागरिकांना ही शिक्षा सहसा होत नसे, आणि २१२ साली काराकाला बादशहाने साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र माणसांना नागरिक केले. तेव्हा तसा संशय येतो खरा. तथापि हाडावर त्याची जात लिहिलेली नाही, आणि आम्हा चळवळीच्या लोकांनी तर असली अनुमाने आपल्या सोयीने ताणू नयेत.

एक गोष्ट मात्र मातीतच आहे. त्याच्या सांगाड्याभोवती आणखी बारा खिळे मिळाले. कोणीतरी त्याला लाकडी फळीवर वा तिरडीवर घालून आणले, आणि वस्तीतल्या इतर मृतांच्या शेजारीच पुरले.