वरदाभाईचं विमान आणि आमची एसटी

मे महिन्यात तुतारी एक्सप्रेसने वैभववाडीला चाललो होतो. मध्यरात्री दादरला बसलं की सकाळी गाव. झोप येईना म्हणून मोबाईलवर डाऊनलोड करून ठेवलेला 'नायकन' पाहिला. मणिरत्नमचा, कमल हासनवाला. शेवटी कोर्ट डॉनला निर्दोष सोडतं आणि बाहेर आल्यावर त्याला गोळी लागते. मग नेहमीप्रमाणे खऱ्या माणसाबद्दल शोधाशोध सुरू केली आणि पनवेल ते चिपळूण जागाच राहिलो.

गंमत अशी, की सिनेमा आला १९८७ च्या दिवाळीत. म्हणजे पडद्यावरचा नायकन मेला तेव्हा ज्याच्यावरून तो बेतला असं म्हणतात, तो वरदराजन मुदलियार चांगला जिवंत होता. मद्रासमध्ये.

वरदाचा जन्म १९२६ चा, तूतुकुडीचा. तरुणपणी मुंबईत आला आणि व्ही.टी. स्टेशनवर हमाली करायला लागला. असे हमाल हजारो होते. मग हाच 'वरदाभाई' कसा झाला? माझ्या मते याचं अर्धं उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे. १९४९ मध्ये मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा केला. गृहमंत्री मोरारजी देसाई. उद्देश चांगलाच होता हो! पण दिवसभर पोती उचलणारा, रात्रपाळीत साचे चालवणारा माणूस कायदा झाला म्हणून प्यायचा थांबला नाही. मागणी तीच, दुकान मात्र बंद. आमच्या भाषेत सांगायचं तर अधिकृत सर्व्हर बंद केला आणि ट्रॅफिक तेवढंच राहिलं. (तो कायदा आजही आहे बरं का. प्यायला परवाना लागतो. आमच्या ऑफिसात कुणी काढल्याचं ऐकिवात नाही. हे वाक्य मॅनेजरने वाचू नये.)

धारावी, सायन कोळीवाडा, अँटॉप हिल या भागांत हातभट्ट्या पेटल्या. गूळ आणि नवसागर पिंपात कुजवायचं, खाली जाळ लावायचा, वाफ नळीतून थंड करून धरायची. माल गाडीच्या चाकाच्या ट्यूबमध्ये भरून पोचवायचा. हे जाळं वरदाने हाताशी धरलं. शिवाय गोदीतला माल पळवणं, जुगाराचे अड्डे, सुपाऱ्या.

आणि उरलेलं अर्धं उत्तर? झोपडपट्टीत नळ नाही, वीज नाही, रेशनकार्ड नाही. कचेरीत दाद लागत नसे, वरदाकडे लागायची. १९६६ ला शिवसेना निघाली, 'लुंगीवाल्यां'विरुद्ध वातावरण तापलं, तसा तमिळ वस्त्यांना हा 'आपला' माणूस आणखीनच जवळचा वाटू लागला. माटुंगा स्टेशनबाहेर त्याचा गणपती असे. मंडप एवढा, की सिनेमातले मोठमोठे लोक दर्शनाला यायचे.

हे सगळं किती पोकळ पायावर होतं ते ऐंशीच्या दशकात कळलं. वाय. सी. पवार नावाच्या पोलीस उपायुक्तांनी अड्डे बंद पाडायला आणि माणसं आत टाकायला सुरुवात केली. थोड्याच काळात एवढं मोठं साम्राज्य आटोपलं आणि वरदा मद्रासला निघून गेला. जानेवारी १९८८ मध्ये हृदयविकाराने गेला. गोळी नाही, कोर्टाच्या पायऱ्या नाहीत. अंत्यसंस्कार मुंबईत व्हावेत अशी इच्छा होती, म्हणून हाजी मस्तानने विमान भाड्याने घेऊन त्याचं शव मुंबईला आणवलं. तोही तमिळ मुलखातलाच. ज्या शहराने हाकललं, त्याच शहरात परत! हा प्रसंग वाचताना, खरं सांगतो, मीही जरा हळवा झालो.

पण घरी पोचल्यावर आमचे धाकटे आजोबा आठवले.

ते माझ्या आजोबांचे सख्खे भाऊ. दोघेही गिरणीत. लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे, खानावळीत जेवायचे. धाकटे हातभट्टीच्या नादी लागले. खोलीतली सगळी मंडळी मद्राशांना शिव्या घालणारी, पण संध्याकाळी ग्लासात काय आहे आणि ते कुणाच्या भट्टीचं आहे, हे कोण विचारतो? १९७१ च्या पावसाळ्यात त्यांना एसटीत बसवून गावी पाठवलं. तेव्हा रेल्वे कुठली? तळेऱ्याला उतरवून पुढे आणलं. आजी रातांबे फोडत बसली होती, तिला विचारलं.

"दारू कोणाची ती माका काय म्हायत? घराक इलो तेव्हा हळदीसारखो पिवळो पडललो."

तीन आठवड्यांत गेले. वय एकतीस. मागे बायको आणि दीड वर्षाची मुलगी.

त्यांच्यावर सिनेमा नाही. त्यांचा फोटोसुद्धा नाही, गिरणीचा बिल्ला तेवढा आहे, पत्र्याच्या डब्यात. वरदाने किती जणांना नळ दिला, किती लग्नं लावली याच्या कथा पुष्कळ सापडतात. किती जणांना एसटीत बसवून गावी पाठवावं लागलं, हे कुणी मोजलं नाही. आणि आमच्या घराने तरी कुठे मोजलं? 'कावीळ झाली' एवढंच आम्हा पोरांना सांगायचे.

आजीला वरदाभाईचं नाव माहीत नव्हतं. मी तिला विमानाची गोष्ट सांगितली.

"मड्याचा तिकीट कोणी काढल्यान?"

म्हटलं, दुसऱ्या एका डॉनने.

"बरा," म्हणाली, आणि पुढचा रातांबा हातात घेतला.