वाळूतला रुपया

पनवेलच्या खाडीकाठी ओहोटीला विद्यार्थ्यांना नेले, तर निवटे आणि खेकडे पाहता येतील. सँड डॉलर मात्र मिळण्याची आशा धरू नये. खाडीत बारीक गाळ आहे आणि हा प्राणी मुख्यतः वाळूत राहणारा. रुपयासारखी गोल, चपटी, पांढरी अशी त्याची कवचे कोकणातल्या वाळूच्या पुळणींवर कधीकधी सापडतात. ही कवचे अभ्यासकांच्या हाती फार पूर्वी आली. प्राणी समजायला मात्र बराच काळ जावा लागला.

१७३४ मध्ये क्लाइन या जर्मन निसर्गअभ्यासकाने 'इकायनोडर्माटा' म्हणजे कंटकचर्मी हे नाव योजले, ते केवळ सी अर्चिन आणि त्यांच्या भाईबंदांसाठी. तारामासे या गटात पुढे आले. क्लाइनच्या ग्रंथात भर घालताना लेस्केने १७७८ मध्ये सँड डॉलरच्या 'इकायनोडिस्कस' या प्रजातीला नाव दिले. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधील अशा नमुन्यांवर फ्रान्सच्या केलर यांनी लिहिलेला ग्रंथ १९२२ मध्ये निघाला. या साऱ्या वर्गीकरणाचा मुख्य आधार कवच हाच होता.

कवचावरून पुष्कळ कळते, हे खरे. वरच्या बाजूला पाच पाकळ्यांची नक्षी दिसते. तिच्यातील छिद्रांतून श्वसनाचे नलिकापाद बाहेर येतात. तोंड खालच्या बाजूला, मध्यभागी असते. आतल्या जबड्याला 'ॲरिस्टॉटलचा कंदील' म्हणतात. जिवंतपणी सर्व अंगावर मखमलीसारखे बारीक काटे असतात. त्यांच्या हालचालीने प्राणी वाळूत शिरतो.

पण तो खातो कसा? १९६० मध्ये गुडबॉडी यांनी मांडले, की वरचे काटे चाळणीचे काम करतात : जाड वाळू वर राहते आणि बारीक अन्नकण खाली उतरून तोंडाकडे जातात. कल्पना पटण्याजोगी होती. परंतु १९८५ मध्ये टेल्फर्ड, मूई आणि एलर्स यांनी एका अमेरिकी जातीच्या अभ्यासातून तिला आव्हान दिले. त्यांच्या मते खालच्या बाजूचे नलिकापादच वाळूतून अन्नकण उचलतात आणि एकमेकांकडे सोपवीत खोबणींमधून तोंडापर्यंत पोचवतात.

म्हणून वर्गात नमुना दाखवताना पाकळ्यांवरच थांबू नये, असे आम्हाला वाटते. कवच उलटे करावे आणि तोंडाकडे येणाऱ्या खोबणी भिंगातून पाहाव्यात. 'या कशासाठी असतील?' हा प्रश्न विद्यार्थ्यांना आधी विचारावा; उत्तर मागाहून सांगावे.